अंगावर काढलेला ताप

मराठीत तापासाठी शब्दांची वाण नाही. अंग जरा कोमट लागले की 'कणकण'. ताप उतरल्यावरही थोडा मागे रेंगाळला की 'कसर'. थंडी वाजून आला की 'हिव'. कपाळाला हात लावताच चटका बसला की माणूस तापाने 'फणफणला'. दिवसाआड येणारा तो एकांतरा, ठरलेली मुदत पुरी केल्याशिवाय न जाणारा तो मुदतीचा ताप, सांधेन् सांधा ठणकवणारा तो हाडमोड्या. ज्या समाजाने तापाचे इतके बारकावे टिपले, त्याने ताप पुष्कळ पाहिला आणि पुष्कळ सोसला, हे उघड आहे.

पण याच भाषेत आणखी एक शब्दप्रयोग आहे आणि तो मला या सगळ्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो. तो म्हणजे 'अंगावर काढणे'. दुखणे कोणाला न सांगता, औषधपाणी न करता, रोजची कामे उरकीत सोसून नेणे, असा त्याचा अर्थ. 'बिचारीने चार दिवस ताप अंगावर काढला, पण घरात कोणाला कळू दिले नाही', असे आपण म्हणतो आणि म्हणताना आपला सूर कौतुकाचा असतो. हे कौतुक नेमके कशाचे? तिच्या सोशिकपणाचे की चार दिवस एकाही माणसाला तिच्या अंगातला ताप कळला नाही, या गोष्टीचे? पहिले असेल तर दुसऱ्याची लाजही वाटायला हवी. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, घरात ताप मोजण्याची सवय आपल्याला नीटशी लागलेली नाही आणि याचे कारण थर्मामीटर महाग आहे किंवा तो पाहता येत नाही, हे नव्हे. कोणाचा ताप मोजायचा हे आपण तापावरून ठरवीत नाही, माणसाच्या मानावरून ठरवतो.

उदाहरणादाखल एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणा. एकाच आठवड्यात त्या घरातील पाच जणांना १०१ अंशांचा ताप आला असे समजा. आजोबांना आला तर 'आजोबांची प्रकृती बिघडली'. लगेच रिक्षा बोलावली जाते. कमावत्या मुलाला आला तर 'तो तापाने फणफणलाय'; कचेरीत रजेचा निरोप जातो. नातवाला आला तर घरातले सारे आवाज खाली येतात आणि दर तासाला त्याच्या काखेत थर्मामीटर लागतो. नातवाच्या आईला आला तर 'जरा कणकण आहे, आल्याचा चहा घे'. आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आला तर? 'आज पुन्हा काहीतरी निमित्त!' पाचही काखांत आकडा तोच असता. त्याला नावे मात्र पाच मिळाली आणि ती नावे रोगाने दिलेली नाहीत.

या पाचांपैकी शेवटच्या दोघींचा ताप मोजलाच गेला नाही, ही त्यातली खरी मेख आहे. मोजला असता तर 'कणकण' हा शब्द टिकला नसता. तोंडाने 'मला बरे वाटत नाही' म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. १०१ या आकड्याशी घालता येत नाही. ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे त्याला आकड्याची फारशी गरज नसते. तो नुसता कण्हला तरी घर हलते. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याला मात्र साक्षीदार लागतो. थर्मामीटर हा असा साक्षीदार आहे. तो सासू, सून, धनी, गडी असा भेद जाणत नाही. पुष्कळदा तो त्या बाईचीच स्वतःबद्दलची शंका फेडतो. नळाला पाणी येण्याची वेळ, डब्यांची वेळ, मुलांच्या शाळेची वेळ यांच्या रगाड्यात 'मला खरेच ताप आहे की मी उगीच कुरकुरते आहे' असा प्रश्न तिलाही पडत असतो.

यावर कोणी म्हणेल, 'कपाळाला हात लावून कळत नाही का? आमच्या आजीला कधी थर्मामीटर लागला नाही.' हाताची थोरवी मी नाकारीत नाही. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवलेला हात धीर देतो, ते काम काचेची नळी करू शकत नाही. इतकेच नव्हे, ताप ओळखण्यातही आईचा हात अगदीच कुचकामी नाही. मुलाचे अंग गार आहे असे आईचा हात सांगत असेल तर ते बहुधा खरे निघते. पण अंग गरम आहे असे तो सांगतो तेव्हा मात्र पडताळा घ्यावा लागतो. कारण अशा वेळी तो पुष्कळदा फसतो. हाताला तापमान कळत नाही, फरक कळतो. नुकतीच भांडी विसळून आलेला गार हात कोणाच्याही कपाळाला ताप ठरवील. चुलीपुढून उठलेल्या हाताला तापलेले कपाळही साधेच वाटेल.

त्यातही एक खुबी आहे. ताप चढत असतो नेमक्या त्याच वेळी हातपाय गार पडतात. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची उष्णता किती असावी, हे तो ठरवतो. जंतूंशी सामना सुरू झाला की ही पातळी वर सरकते. मग शरीराला आपली नेहमीची उष्णताही अपुरी वाटू लागते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. अंगावर दोन गोधड्या, हात बर्फासारखे, आणि आत तापमान भराभर वर जात असते. अशा वेळी मनगटाला हात लावून 'अंग तर गार आहे' असे म्हणणाऱ्याची फसगत ठरलेली. उलट घाम फुटतो तेव्हा ताप उतरणीला लागलेला असतो. हे चढउतार घरातल्या माणसांनी वेळेसह टिपून ठेवले तर डॉक्टरला जेवढी मदत होते, तेवढी 'काल रात्री फार ताप होता हो' या वाक्याने होत नाही.

ताप टिपून ठेवण्याची ही कल्पना फार जुनी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सान्तोरिओ या वैद्याने उष्णता दाखवणारी नळी रोग्यांसाठी वापरून पाहिली. फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला. तरीही तो रोग्याच्या उशाशी पोहोचायला आणखी दीड शतक जावे लागले. जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने सुमारे २५,००० रुग्णांच्या तापाच्या नोंदी ठेवल्या आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि आकडा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटे लागत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट याने सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम आटोपणारा थर्मामीटर तयार केला आणि तेव्हापासून हे साधन खिशात मावू लागले. पण वुंडरलिशचे मोठेपण उपकरणात नाही. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे त्याने ठसवले. आणि एका आकड्यापेक्षा आकड्यांची रेघ, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा चढउतार, अधिक सांगते, हे त्याने दाखवून दिले. आपल्या पूर्वजांनी 'एकांतरा' आणि 'मुदतीचा' ही नावे दिली तेव्हा त्यांच्याजवळ पारा नव्हता, पण दिवस मोजण्याची दृष्टी होती. ती दृष्टी आपण सोडली, आणि पारा आला तरी तो वापरण्याची शिस्त आपण घेतली नाही.

वुंडरलिशचाच आणखी एक वारसा आपल्याकडे आहे, आणि तो थोडा तपासून घेण्यासारखा आहे. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हे निरोगी माणसाचे तापमान असे आपण शाळेत घोकले. त्या आकड्याला जणू मंत्राचे पावित्र्य आले. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांची तपासणी करून संशोधकांनी दाखवले की त्यांची सरासरी ९८.२ अंश भरते, आणि ९८.६ या आकड्यात विशेष असे काही नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा दीड शतकात अमेरिकेतील माणसांचे सरासरी तापमान थोडे थोडे उतरत आले आहे, असे आढळले. शिवाय तापमान दिवसभर एक नसते. पहाटे ते सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर, संध्याकाळच्या सुमारास, सर्वांत जास्त असते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात स्त्रीचे तापमान अर्ध्या अंशाने किंवा थोडे अधिक वर असते. म्हाताऱ्या माणसांचे मुळातच थोडे कमी असते; त्यामुळे त्यांना गंभीर आजार असूनही ताप फारसा दिसत नाही. तेव्हा ९९ दिसले म्हणून घाबरणे जितके चूक, तितकेच आजोबांना ९९.५ आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक. ढोबळमानाने १००.४, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, आणि त्यावर गेले की ताप म्हणावे. तीन महिन्यांच्या आतील बालकाला एवढा ताप आला तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

मोजायचे कसे, हे सांगणे पदवीच्या विद्यार्थ्यांना अपमानास्पद वाटेल. पण पदवी आणि थर्मामीटर यांचा संबंध नाही, हे कोणत्याही वसतिगृहात पाहता येते. चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर निदान वीस मिनिटे थांबावे. थर्मामीटरचे टोक जिभेखाली आत सरकवावे आणि ओठ मिटून घ्यावे. मध्येच बोलू नये. काखेत धरायचा तर आधी घाम पुसावा, टोक काखेच्या खळगीत नीट बसवावे आणि दंड अंगाशी घट्ट धरावा. सदऱ्याची बाही मध्ये येऊ देऊ नये. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्ध्या ते एक अंशाने कमी येतो. म्हणून एकदा काखेत आणि एकदा तोंडात मोजून 'उतरला' म्हणण्यात अर्थ नाही. लहान मुलांचा नेहमी काखेतच पाहावा. जुना पाऱ्याचा थर्मामीटर घरात असेल तर तो आधी झटकून पारा ९५-९६ च्या खाली उतरवावा. नळीच्या तळाशी एक बारीक अडण असते, तीमुळे पारा आपोआप खाली येत नाही. झटकायचे विसरले तर कालचा ताप आजच्या माणसाला चिकटतो. तो गरम पाण्याने धुऊ नये, फुटतो. आणि शेवटचे पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडा, वेळ आणि त्याआधी कोणती गोळी किती वाजता घेतली, हे कॅलेंडरच्या कोऱ्या कडेवर का होईना, लिहून ठेवावे. गोळीने उतरलेला ताप म्हणजे गेलेला ताप नव्हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 'आकड्याचा नाद लागला की माणूस दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावतो, ९९ ला गोळी घेतो, घर डोक्यावर घेतो. शिवाय ताप ही शरीराचीच लढाई आहे. तिच्यात ढवळाढवळ कशाला?' मोजणे आणि दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच माझे उत्तर. मोजल्याने ताप कमी होत नाही आणि वाढतही नाही. फक्त आपण काय करतो आहोत ते आपल्याला कळते. दिवसातून तीन-चार वेळा मोजणे पुरे. आकडा लहान असला, पण मूल पाणी पीत नसेल, मान ताठली असेल, धाप लागली असेल, भ्रम होत असेल, तर आकड्याकडे पाहत बसण्यात शहाणपण नाही. थर्मामीटर साक्ष देतो, निकाल देत नाही.

मोजण्याबद्दल आपल्या मनात जी अढी आहे तिला इतिहासही आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर सरकारी माणसे, पुण्यात तर गोरे सोजीर, घराघरांत शिरले. घरात कोणाला ताप आहे असे कळणे म्हणजे त्या माणसाची रवानगी, घरच्यांची ताटातूट आणि सामानाची जाळपोळ. लोकांनी आजारी माणसे लपवली यात नवल नाही. त्या काळात ताप उघड करणे हा गुन्हा कबूल करण्यासारखा प्रकार झाला होता. याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आजाऱ्यांना लपवले नाही, त्यांना उचलून मुलाच्या दवाखान्यात नेले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. तापलेल्या अंगाला हात लावण्याचे मोल त्यांनी दिले.

पुढे २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला, आणि प्रत्येक फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात पिस्तुलासारखे यंत्र आले. कपाळावर नाहीतर मनगटावर रोखायचे, आकडा पाहायचा, आत सोडायचे. उन्हातून आलेला अडकायचा, गोळी घेऊन आलेला सुटायचा, आणि अंगात विषाणू असून ताप नसलेला तर हसत आत जायचा. त्या काळात आपण जन्मात कधी मोजला नाही इतका ताप मोजला. पण तो कशासाठी? आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे ठरवण्यासाठी. फाटकावरच्या आकड्यानंतर 'तुम्ही घरी जाऊन पडा, मी सोबत येतो' असे कोणी म्हणत नसे. साथ ओसरली, यंत्रे कपाटात गेली, आणि मोजण्याची सवयही तिच्याबरोबर गेली. माणसाला बाहेर ठेवण्यासाठी मोजणे आपल्याला चटकन जमले. जवळ बसण्यासाठी मोजणे अजून जमायचे आहे.

या साधनाच्या निर्मितीतही हाच भेद दडलेला आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. तमिळनाडूत कोडाईकनाल येथे पाऱ्याच्या थर्मामीटरांचा एक मोठा कारखाना होता. तेथील माल मुख्यतः परदेशी जाई. पारायुक्त काचेचा कचरा उघड्यावर टाकल्याचे उघडकीस आल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. पाऱ्यामुळे आपले आरोग्य बिघडले अशी तेथल्या जुन्या कामगारांची तक्रार होती. त्यांच्याशी तडजोड व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. जगाचा ताप मोजणारी साधने ज्यांनी घडवली त्यांच्या दुखण्याची नोंद व्हायला पंधरा वर्षे लागली. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारतानेही तो स्वीकारला. आता बॅटरीवर चालणारा थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तेव्हा घरात नवा घ्यायचा तर हाच घ्यावा. जुना फुटलाच तर पारा झाडूने लोटू नये, हाताने वेचू नये. कागदाच्या कपट्याने गोळा करावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण क्षयाकडे पाहिले की कळते. क्षयाचा ताप पुष्कळदा वाजतगाजत येत नाही. संध्याकाळी बारीक कसर, रात्री घाम, सकाळी अंग मोकळे. सकाळी मोकळे म्हणून काम सुरू. संध्याकाळी कसर म्हणून 'दिवसभराचा शीण'. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला किंवा ताप असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, असे सरकारी क्षयरोग कार्यक्रम सांगतो. पण दोन आठवडे ताप आहे हे कळायला पहिल्या दिवसापासून कोणीतरी तो मोजलेला असावा लागतो! पहिली मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी हिची प्रकृती अमेरिकेला जाण्यापूर्वीच ढासळू लागली होती. १८८६ मध्ये ती पदवी घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. वय पुरते बावीसही नव्हते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज आहे, सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहे. आता उशीर झाला तर तो औषधाअभावी होत नाही. तो 'कणकण' या शब्दापाशी होतो.

शेवटी काही सूचना. त्या लहान आहेत, पण आपल्या हातातल्या आहेत. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर एक थर्मामीटर आणि त्याला दोऱ्याने बांधलेली एक वही असावी. परीक्षेच्या तोंडावर ताप अंगावर काढणे ही आपल्या मुलांत मर्दुमकी समजली जाते आणि आजारपणाचा अर्ज देणाऱ्याकडे काही वेळा निमित्त शोधणारा म्हणून पाहिले जाते. वहीतला आकडा या दोन्ही गोष्टींना उत्तर देईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गावात जाते तेव्हा आपण रस्ता करतो, झाडे लावतो. त्याबरोबर दहा घरांत थर्मामीटर कसा पाहायचा हे शिकवून यावे, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषाला न शिकवता सुनेला व शाळकरी मुलीला शिकवावे. आकडा वाचता आला की तो लपवणेही कठीण होते.

आणि आपल्या स्वतःच्या घरी? पुढच्या वेळी 'काही नाही रे, जरा कणकण आहे' असे वाक्य स्वयंपाकघरातून ऐकू आले, तर गॅस बंद करायला सांगावे, पाटावर बसवावे आणि थर्मामीटर हातात द्यावा. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या बाबतीतही हेच करावे. आकडा ९८ निघाला तर दोघांनी चहा घ्यावा. १०१ निघाला तर त्या दिवशीचा स्वयंपाक कोणी करायचा आणि भांडी कोणी घासायची, हा प्रश्न घरातल्या सर्वांपुढे येईल. तो यावा, हेच मला हवे आहे.